ट्रॉलीचे दिवे आणि तीन नंबरची वायर

नागपूर,
दि. १८ मे २०२५

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. पावसाळा संपताच नवी पिकअप घ्यायची आणि वरूडच्या बागेतील पाण्याच्या टाकीची जुनी ट्रॉली तिच्यामागे जोडायची, असा तुझा विचार दिसतो. कोणती गाडी घ्यावी, हे तुझे तू मला विचारण्यापूर्वीच ठरवले असणार, तेव्हा त्यावर मी शाई वाया घालवत नाही. पण ट्रॉलीच्या दिव्यांनी ऐन लगीनसराईत माझे तीन आठवडे जे खाल्ले, ते तुला सविस्तर कळवतो, कारण तुझी ट्रॉलीही माझ्या जनरेटरच्या ट्रॉलीइतकीच जुनी आहे आणि तिच्या पोटात काय दडले आहे ते तुलाही ठाऊक नसावे.

माझी ही ट्रॉली जुन्या गाडीमागे नऊ वर्षे विनातक्रार धावली. मार्चमध्ये नवी पिकअप आली तेव्हा शोरूमच्या माणसाने स्पष्ट सांगितले, की कंपनीच्या वायरिंगला हात लावलात तर वॉरंटीची जबाबदारी आमची नाही, आणि ट्रॉलीचे कनेक्शनही आम्ही करून देत नाही. मग वाडीच्या एका वायरिंगवाल्याने गाडीच्या मागच्या दिव्यांच्या वायरींवर क्लिपा दाबून तेथूनच सात पिनांच्या सॉकेटला जोडण्या दिल्या. अर्ध्या तासाचे काम होते. सगळे दिवे लागले, मी पैसे दिले आणि आम्ही दोघेही खूश झालो.

रामटेकचे लग्न आटोपून रात्री परतताना कन्हानच्या अलीकडे एका ट्रकवाल्याने गाडी बाजूला घेऊन मला थांबवले. “भाऊ, ब्रेक मारला की तुमचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणतात, तुम्ही वळता कुणीकडे?” असे त्याने विचारले. मी उतरून पाहिले तर सारे ठीक होते. चार दिवसांनी डावा इंडिकेटर गाडीचाही बंद पडला आणि ट्रॉलीचाही. फ्यूज मात्र शाबूत होता.

ही दोन दुखणी वेगवेगळी होती, आणि ती मी एकच समजलो, ही माझी पहिली चूक.

डाव्या इंडिकेटरचे कारण लवकर सापडले. जुन्या गाडीत स्विच, फ्लॅशर आणि बल्ब एवढाच मामला असे. नव्या गाडीत दिव्यांना वीज एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल देते आणि प्रत्येक फाट्यावर किती करंट जातो हेही तेच मोजते. पुढचा २१ वॅटचा, मागचा २१ वॅटचा आणि बाजूचा ५ वॅटचा, असे एका बाजूचे ४७ वॅट त्याने गृहीत धरलेले असताना ट्रॉलीचा आणखी एक २१ वॅटचा बल्ब आम्ही त्याच्या गळ्यात बांधला होता. त्याला तो भार जास्त वाटला आणि त्याने तो फाटा बंद करून टाकला. यावर उपाय रिलेचा, म्हणजे हलक्या करंटने चालून जड करंट वेगळ्या वायरीने सोडणाऱ्या स्विचचा. बॅटरीवरून १५ अँपिअरचा फ्यूज घालून वेगळी वायर मागे आणली आणि गाडीच्या दिव्यांच्या वायरींना फक्त रिलेची कॉइल चालवण्याचे हलके काम ठेवले. कॉइलवर डायोड असलेलेच रिले माग. साधा रिले बंद होताना जो झटका उलटा मारतो, तो मॉड्यूलला सोसेलच याचा भरवसा नाही.

रिले बसताच मिणमिणणारे इंडिकेटरही थांबले, म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला. खरे तर आजार बरा झाला नव्हता, फक्त त्याचे एक लक्षण झाकले गेले होते. दुसऱ्याच रात्री पोराला मागे उभे करून ब्रेक दाबला, तर तो म्हणाला की ब्रेक लाइट लागतात पण उजेडात दम नाही, आणि पार्किंग चालू ठेवून इंडिकेटर दिला की पार्किंगचे दिवे त्याच्या तालावर डोळे मिचकावतात. गंमत म्हणजे गाडी रिव्हर्स घेतली की सगळे लख्ख.

आता मी शहाण्यासारखे दोन्ही बाजू वेगळ्या करून तपासायचे ठरवले. ट्रॉलीचा प्लग काढला आणि गाडीच्या सॉकेटमध्ये २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प एकेका पिनेवर लावून पाहिला. (एलईडीचा टेस्टर येथे वापरू नकोस, तो इतका कमी करंट घेतो की कुजक्या जोडावरही हसतमुखाने पेटतो.) एक नंबरला डावा इंडिकेटर, चारला उजवा, पाच आणि सातला पार्किंग, सहाला ब्रेक, आणि परतीचा अर्थ (म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीकडे परत नेणारी वायर) तीन नंबरला, असे सगळे चोख निघाले. मग ट्रॉलीच्या प्लगला वीज द्यायला जनरेटरचीच १२ व्होल्टची बॅटरी समोर होती. तिच्या पॉझिटिव्हवरून एकेक पिन शिवली, तर ट्रॉलीचा प्रत्येक दिवा डोळे दिपवील असा लागला. म्हणजे गाडी निर्दोष, ट्रॉली निर्दोष, आणि दोघांची गाठ पडली की बिघाड. लग्नात असे होते हे मंडपवाल्याला ठाऊक असते, पण वायरिंगमध्ये असे कसे व्हावे?

त्या दुपारी पारा ४४ च्या पुढे होता. गोडाऊनच्या सावलीत ट्रॉलीच्या दांड्यावर बसून चहा घेताना माझी नजर जनरेटरच्या बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर गेली. ती ट्रॉलीच्या चासीलाच बोल्टने जोडलेली होती. म्हणजे मी तपासणी केली तेव्हा दिव्यांचा करंट चासीतून सरळ बॅटरीला परतला होता. प्लगमधल्या तीन नंबरच्या वायरीची परीक्षा झालीच नव्हती. मी प्लग उघडला. तीन नंबरची पांढरी वायर पिनेत घट्ट होती, पण पुढे दांड्यापर्यंत येऊन ती एका स्क्रूखाली संपत होती आणि त्या स्क्रूखाली तेलरंगाचे दोन जाड थर होते. वायर रंगाला जोडलेली होती, लोखंडाला नव्हे!

मग इतकी वर्षे दिवे लागत कसे होते? जुन्या गाडीचा हूक आणि ट्रॉलीची कडी एकमेकांना घासून उघड्या लोखंडाने भिडत आणि करंट तेथून परते. नव्या गाडीला मी गोळ्याचा हूक बसवला आणि त्याच्यासाठी ट्रॉलीचे तोंडही बदलून वर भरपूर ग्रीस थापले. रिव्हर्समध्ये ट्रॉली दाबली गेली की धातू धातूला टेके. ओढताना, विशेषतः खड्ड्यात उसळताना, संपर्क सुटे. तेव्हा ब्रेकचा करंट बिचारा वाट शोधत इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा गाडीकडे जाई, आणि कन्हानजवळ त्या ट्रकवाल्याने पाहिले ते हेच.

मीटरने मी अर्थ आधीही तपासला होता. त्याने ०.९ ओहम दाखवले आणि मी ते शून्यच धरले. पण दोन ब्रेक लाइट मिळून हिशेबाने साडेतीन अँपिअर मागतात, आणि तेवढ्या करंटला ०.९ ओहम म्हणजे वाटमारीच आहे. दिवे चालू ठेवून मीटरची एक तार ट्रॉलीच्या चासीला आणि दुसरी गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तेव्हा अडीच व्होल्ट दिसले. व्होल्टेज पाचव्या हिश्शाने घटले की अशा बल्बचा उजेड निम्म्याहून खाली येतो. ओहम मोजत बसू नकोस. दिवे पेटवून व्होल्ट मोज.

दुरुस्ती जेमतेम तासाभराची होती. रंग खरवडून लोखंड चमकवले, २.५ चौरस मिलिमीटरच्या नव्या वायरीच्या टोकाला लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून ती दातेरी वॉशरखाली आवळली आणि वर व्हॅसलीन चोपडले. प्रत्येक दिव्याच्या परतीची वायरही त्याच बोल्टवर आणली. आता ब्रेक दाबला असता मीटरवर ०.१ व्होल्टच्या आसपास दिसते.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. तुझ्या ट्रॉलीचा प्लग येत्या रविवारी उघड, तीन नंबरची वायर कोणत्या रंगाची आहे हे सोडून दे, कारण आपल्याकडे हाती येईल ती वायर लावतात. ती दुसऱ्या टोकाला कुठे जाऊन संपते तेवढे पाहून मला कळव.

तुझा,
सुधाकर