शांताराम चावतो

गुहागर,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय विजू,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही म्हणून मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील, तर आता ऐक. हे फोनवर बोलता येत नाही. रेंज फक्त ओटीवर मिळते आणि ओटीवर माई बसलेल्या असतात.

तब्येती बऱ्या. ह्यांचं बीपी गोळीवर आहे, माझा खांदा पावसाळ्यात दुखतो तसा दुखतोय. झालं.

आमचा चिन्मय जहाजावर गेला हे तुला माहीत आहे. जाताना शांतारामला माझ्या गळ्यात मारून गेला, हे माहीत नसेल. शांताराम म्हणजे बॉल पायथन. मूळचा आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. चार फुटी, गुबगुबीत, बिनविषारी. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा गोळा करतो. पाळायला याच्याइतका गरीब साप नाही म्हणतात, म्हणून चिन्मयने नाव शांताराम ठेवलं. विजू, तो चावतो. चिन्मयला कधी चावला नाही, ह्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. फक्त मला.

आधीच सांगते, वनखात्यातल्या भाऊजींना मध्ये आणू नकोस. आपली धामण किंवा दिवड घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, हे मला तुझ्याइतकंच पाठ आहे. हा परदेशी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ती चिन्मयने केलीय. त्याचा छापील कागद माईंच्या स्तोत्रांच्या वहीत ठेवलाय. तिथून काही हरवत नाही.

आषाढात झालं ते ऐक. मी घावन घालत होते. धो धो पाऊस, लाईट गेलेले. पेटीची एक बाजू ३१-३२ अंशांवर ठेवायची, दुसरी पंचवीस-सव्वीसवर, हा चिन्मयचा नियम. आता ती ऊब जाणार म्हणून तवा उतरवला आणि तशीच उठून बघायला गेले. झाकण सरकवून हात आत घातला, तर त्याने अंगठ्याखालचा मांसल भाग धरला आणि वर मनगटाला वेढे घातले.

दुखलं म्हणशील तर फारसं नाही. पण सोडेना! साप भीतीने चावला तर तोंड मारून लगेच मागे होतो. धरून ठेवून वेढे घालतो ते भक्ष्याला. म्हणजे शांताराम माझ्यावर चिडलेला नव्हता, त्याला मी जेवण वाटले. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे एवढ्या आस्थेने कोणी बघितलं नव्हतं. (ह्यांना हे वाक्य वाचून दाखवलं. हसले नाहीत.)

हात ओढला नाही. या सापांचे दात सुईसारखे बारीक आणि आत वळलेले असतात, ओढलं की आपलं कातडं फाटतं आणि त्यांचे दात मोडून आत राहतात. शेपटीकडून एकेक वेढा सोडवला आणि स्पिरिटचा बोळा त्याच्या तोंडाशी नेला. वास लागताच जबडा सैल. मागे राहिली लाल ठिपक्यांची अर्धगोल रांग, त्यातून रक्ताचे बारीक बारीक थेंब. तोवर माई कोयती घेऊन दारात, आगरातला गडी ‘फुरसं, फुरसं’ ओरडत रस्त्याला आणि रिक्षा दारात हजर. साबणाने हात धुऊन सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, साप कुठला? म्हटलं, आफ्रिकेतला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा. मलाच का? चिन्मयने सांगितलेलं सगळं करते. जेवणानंतर दोन दिवस हात लावत नाही. डोळे दुधाळ-निळसर झाले की कात टाकेपर्यंत लांब राहते, कारण तेव्हा त्याला नीट दिसत नाही आणि तो तुसडा होतो. उंदीर कोमट पाण्यात उबवून चिमट्याने देते. (डीप फ्रीजमध्ये आमरस, नारळाचा चव आणि शांतारामचे उंदीर एकत्र होते. माईंना कळलं त्या दिवशी पडवीत दुसरा छोटा फ्रीज आला. तो विषय आमच्याकडे अजून संपलेला नाही.) हात घालायच्या आधी आकडीने अंगाला हलकेच शिवायचं, म्हणजे त्याला कळतं की हे जेवण नाही. ह्यांनी जुन्या छत्रीची काडी वाकवून छान आकडी करून दिलीय. वरून झडप घातल्यासारखा हात नेत नाही, बाजूने नेते. तरी तो मान मागे घेऊन इंग्रजी एस करतो आणि मी झाकण लावते.

आणि काल नागपंचमी. चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. हळदीच्या पानातल्या पातोळ्या माईंनीच उकडायला ठेवल्या. मी सकाळपासून स्वयंपाकघरात गेलेच नाही. दुपारी माई म्हणाल्या, ‘आज त्याला दूध तरी दाखव.’ त्यावर काय बोलणार! पाटावरच्या गंधाच्या नागाला दूध दाखवलं आणि ह्याला आकडी लावून पेटीतून उचललं. विजू, आला. जीभ लपलप करत मनगटावरून कोपराकडे गेला आणि बगलेत डोकं खुपसून बसला. मी घामाघूम.

मग ट्यूब पेटली. पायथनच्या ओठांवर खळगे असतात, त्यांना ऊब कळते. अंधारात उंदीर ‘दिसतो’ तो असा. मी रोज त्याच्याकडे जाते ती घावन-भाकऱ्या आटपून, तव्यावरून उठून, तापलेले हात घेऊन. त्याला रोज उबवलेला उंदीरच येताना दिसत असणार. चिन्मय चहासुद्धा करत नाही.

आता तुझं नाक वर गेलं असेल, की एका निरीक्षणावरून नियम मांडू नये. बरोबर आहे, परवाच त्याने कात टाकलीय, त्यानेही निवळला असेल. पण हेच तू हॉस्टेलवर का पाळलं नाहीस? दिवडाने तुझ्या हाताची चाळण केली तरी ‘त्याला माझी सवय होतेय’ म्हणत होतीस. मी म्हणत होते, साप माणूस ओळखत नाही. त्यावरून महिनाभर अबोला धरलास आणि दिवड बादलीत सापडलं तेव्हा रेक्टरबाईंपुढे नाव माझं घेतलंस. ते मी विसरलेले नाही.

चावण्याचं काही नाही गं. खरी काळजी पुढची आहे. हे साप २०-३० वर्षं जगतात. शांताराम सहा वर्षांचा, मी ५९. चिन्मय विचारलं की ‘बघू’ म्हणतो आणि तिकडे कायमचं राहण्याच्या गोष्टी करतो. जंगलात सोडायचा प्रश्नच नाही. पुढे आगर कोण शिंपणार याची मला कधी एवढी काळजी वाटली नाही. रात्री पाऊस पडला की वाटतं, पेटीत ओल धरली असेल, त्याची छाती भरेल, आणि उठून कान लावते. श्वासाची शिट्टी ऐकू येत नाही ना, ते बघते. हे इथे कोणाला सांगू? दुसरं कोणी असतं तर मलाच दवाखान्यात नेलं असतं.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. मुक्ताचं जमल्याचं ऐकलं, मुलगा चांगला आहे ना? पत्रिकेवर माझं आडनाव या वेळी तरी बरोबर लिही.

गणपतीला ये. येताना ठाण्याहून दीडेक फुटी चिमटा आण, टोकाला रबर असलेला. आणि शांतारामला तू उचल. तुझे हात बारा महिने गार. तुलाही चावला, तर तवा निर्दोष.

तुझी,
मंदा

ता. क. चिन्मयने सांगितलेल्या ठाण्याच्या दुकानातून उंदीर बर्फात बांधून मिळतात. थोडे आणशील का? माईंना खवा म्हणून सांग.