गुणांची यादी ग्रुपवर कशाला?

माझी नात प्राथमिक शाळेत आहे, यंदा शिष्यवृत्ती परीक्षेला बसतेय. दर शनिवारी शाळेत सराव चाचणी, आणि शुक्रवारी रात्रीपासूनच तिच्या पोटात दुखायला लागते. आधी वाटले, नाटके करतेय. मग एकदा डबा देताना हात हातात आला, तर थंडगार.

मी तीस वर्षे एसटीत तिकिटे फाडली, शिकवणे हा काही माझा प्रांत नाही. पण जवळ बसवून विचारले तेव्हा कळले, भीती गणिताची नव्हतीच. ७५ प्रश्न, दीड तास, आणि उत्तरपत्रिकेत उत्तराचा एक गोल चुकून खालच्या ओळीत काळा झाला तर पुढचे सगळेच चुकत जाणार, याची होती! कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स आणल्या. रोज दहाच गोल, घड्याळ न लावता, दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून. पोटदुखी बरीच उतरली.

उरलेली माझ्या हातात नाही. चाचणीच्या संध्याकाळी अख्ख्या वर्गाचे गुण नावानिशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, तेही उतरत्या क्रमाने. ज्याचे गुण त्याच्याच घरी कळवावेत, एवढी शाळांना विनंती.

— एक निवृत्त एसटी वाहक, सातारा