आई, रिपोर्ट आले

मँचेस्टर

तीर्थरूप आई-बाबांस, शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं मजेत आहोत. थंडीचं काही वाटत नाही, घरात हीटर असतो.

फोनवर बाबा शेजारी असले की तू मोकळं बोलत नाहीस, म्हणून लिहिते. मागच्या खेपेला बाळ पोटातच गेलं, त्याला ग्रहण, पपई, माझी नोकरी, जिने, यातलं काहीही कारण नव्हतं. मावशीलाही सांग. साखर, थायरॉईड, जंतुसंसर्ग, रक्त गोठण्याचे दोष, माझं सगळं तपासलं, सगळं नीट निघालं. सापडलं ते वारेत, म्हणजे इथे प्लासेंटा म्हणतात तिच्यात. तिचे काही भाग रक्त न पोचल्यानं मेले होते, म्हणून बाळाची वाढ खुंटली. कितीतरी जणींना एवढं करूनही कारण कळत नाही.

इथली एक रीत मात्र तुला पटणार नाही. गेलेलं बाळ लगेच नेत नाहीत. पाळण्यात गार पाणी खेळवलेली गादी असते, तिच्यावर ते आईच्याच खोलीत ठेवतात, हवं तर दोन-तीन दिवससुद्धा. नर्स त्याच्याशी बोलत बोलत झबलं घालते, पावलांचे ठसे घेते, जावळाची बट डबीत ठेवते. आणि २४ आठवड्यांनंतरचं असेल तर ४२ दिवसांत सरकारात नोंद करायची, वाटलं तर नावासकट. आपल्याकडे तोंडही बघू देत नाहीत. मीही आधी नकोच म्हटलं होतं, मग घेतलं मांडीवर. ठशांचा फोटो मागशील तरच पाठवीन.

आता रागावू नकोस. मला पाचवा लागलाय. आधी सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस. रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी असते, वारेच्या रक्तपुरवठ्याचा डॉप्लर होतो, वाढीसाठी सोनोग्राफी वरचेवर. सेंट मेरीज हॉस्पिटलात आधी बाळ गमावलेल्या बायकांसाठी रेनबो क्लिनिक आहे. माणसं ओळखीची, मागचं पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. शेवटचे तीन महिने उताणं झोपायचं नाही, कुशीवरच. हालचाल मंदावली तर मध्यरात्रीही या म्हणतात. आणखी काय हवं?

मनूच्या लग्नाला मात्र येता येणार नाही. मुलीकडच्यांना रजा नाही म्हणून सांग, किंवा तुला वाटेल ते. हॉलचे पैसे शुक्रवारी टाकलेत, बाबांनी ते परत पाठवायचे नाहीत. शालूचे वेगळे पाठवते, त्यात काटकसर नको. आणि माझ्या ओटीची साडी इतक्यात घेऊ नकोस.

तुमचीच,
सुमी