कीबोर्डाचा निरोप कुठे अडतो

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. केबल आणून जुना वाजवायचा कीबोर्ड संगणकाला जोडलास, पडद्यावर केबलचे नाव दिसते, तिच्यावरचा दिवाही लागतो, पण पट्ट्या दाबूनही काही ऐकू येत नाही, हे वाचून मला माझी गेल्या दिवाळीतली अवस्था आठवली. मी दोन संध्याकाळी संगीताच्या प्रोग्रामची सेटिंग्ज धुंडाळण्यात घालवल्या आणि दोष निघाला केबलच्या टोकाशी. तुझाही दोष तिथेच असावा, असा माझा अंदाज आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की धर. या केबलमधून आवाज जात नाही, निरोप जातो, आणि तो मिडी नावाच्या, वाद्ये व संगणक यांच्यातल्या ठरलेल्या भाषेत असतो. पट्टी दाबताच तीन बाइटचा मिडी संदेश निघतो आणि त्यात एवढेच असते की कोणत्या चॅनलवर स्वर सुरू झाला, त्याचा क्रमांक कोणता आणि पट्टी किती वेगाने दाबली गेली. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६० आणि तू ज्या काळी एकमध्ये गातोस ती ६१. आवाज काढायचा तो संगणकातल्या वाद्याने. त्यामुळे संदेश पोहोचतो की नाही आणि पोहोचला तर त्यावरून वाजणारे वाद्य निवडलेले आहे की नाही, हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासावे लागतात.

आता केबलची दोन गोल टोके हातात घे. एकावर ‘इन’ आणि दुसऱ्यावर ‘आउट’ असे लिहिलेले असेल. आपण सहजच ‘इन’ लिहिलेले टोक कीबोर्डाच्या ‘इन’मध्ये खुपसतो. पण पुष्कळ केबलींवर ही नावे संगणकाच्या बाजूने लिहिलेली असतात, म्हणजे ‘इन’ हे टोक संगणकाकडे येणाऱ्या संदेशाचे असते आणि ते कीबोर्डाच्या ‘आउट’मध्येच जायला हवे. काही केबलींवर मात्र टोक जिथे बसवायचे त्या भोकाचेच नाव असते, त्यामुळे लिहिलेल्यावर विसंबू नकोस. दोन्ही टोकांची सरळ अदलाबदल करून पाहा. त्याने कीबोर्डाला इजा होत नाही. माझ्या केबलवरचा दुसरा बारीक दिवा अदलाबदल केल्यावर प्रत्येक पट्टीबरोबर लुकलुकू लागला, आणि तो क्षण मला अजून आठवतो.

कीबोर्ड जुना आहे म्हणून तो नव्या संगणकाशी बोलणार नाही, ही शंका मात्र काढून टाक. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या संगीतवाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट ६०० आणि रोलँडचा ज्युपिटर ६ ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये मिडीने जोडून दाखवली गेली. तुझ्या कीबोर्डातून पट्टी दाबल्यावर निघणारा संदेश आजही त्याच घडणीचा आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एक भाषा मान्य केली आणि ती इतकी वर्षे टिकवली, याचे मला फार कौतुक वाटते.

दिवा लुकलुकूनही आवाज आला नाही, तर संगणकाकडे वळ. प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये मिडी इनपुट म्हणून केबलचे नाव निवडलेले हवे, ट्रॅकवर एखादे वाद्य हवे आणि ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी सज्ज केलेला हवा. दुसरा एखादा संगीताचा प्रोग्राम उघडा असेल तर तो आधी बंद कर, कारण विंडोजवर पुष्कळदा मिडीचे दार एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळते. केबल काढून पुन्हा लावलीस तर प्रोग्रामही बंद करून पुन्हा सुरू कर. भाच्याचा यूएसबीचा कीबोर्ड संगणकात दिसतच नाही म्हणालास, तिथे केबल मोबाइल चार्ज करण्याची तर नाही ना, ते पाहा. अशा काही केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात.

आवाज सुरू झाल्यावर तो पट्टीच्या मागून येतो असे वाटेल. तुझ्यासारख्या पेटीवाल्याला हे लगेच खटकेल, कारण द्रुत तानेत बोट पुढे गेलेले असते आणि स्वर मागे राहतो. यात केबलचा दोष नसतो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे, म्हणजे एका स्वराचा संदेश एक मिलिसेकंदाच्या आतच तार ओलांडतो. उशीर होतो तो संगणकाच्या ऑडिओ बफरमध्ये, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे (नमुने) वाजण्याआधी जिथे साठतात तिथे. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे १२ मिलिसेकंद घेतो, १२८ चा सुमारे ३. विंडोजवर आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने बाहेर काढणारा दुवा) निवड आणि बफर हळूहळू खाली आण; आवाज तडतडू लागला की एक पायरी वर थांब.

आज रात्री फक्त टोकांची अदलाबदल कर, काळी एक दाब आणि दिवा लुकलुकतो का तेवढे मला फोनवर सांग. मी जागाच आहे.

तुझाच,
पेटीच्या वर्गातला सोबती