टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आजींना

आदरणीय आजी,
सा. न. वि. वि.

मुलं पहिल्याच दिवशी तुम्हाला आजी म्हणायला लागली, म्हणून मीही तेच म्हणते. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीच्या आठवणी सांगायला आमच्या नववीच्या वर्गाला तुम्ही तीन दुपारी दिल्यात, त्याचे आभार मानायला हे पत्र. जाहीर लिहितेय, कारण इतिहास शिकवणाऱ्या इतरांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

मुलांचा पहिला प्रश्न होता, "तेव्हाचं काम कठीण होतं का?" तुम्ही "हो" म्हणालात आणि सगळी गप्प. मग एकीने विचारलं, "कामावर बसल्यावर हात आधी कशाला लागायचा?" तुम्ही हवेतच हेडसेट कानावर चढवलात, वायर ओढून पिन बोर्डात खुपसलीत. बोटं अजून विसरली नव्हती. नेमका प्रश्न कसा असतो, हे मला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

खरे आभार मात्र संपाच्या आठवणीबद्दल. संपात थोरली कडेवर होती, असं तुम्ही सांगितलंत. मुलांनी जुन्या वर्तमानपत्रातली तारीख काढली, तर संप तिच्या जन्माआधी दोन वर्षं झालेला. एका मुलाने चाचरत ते तुमच्यासमोर ठेवलं. मला वाटलं, तुम्ही दुखावाल. तुम्ही कात्रण दोनदा वाचलंत, बराच वेळ काही बोलला नाहीत आणि मग म्हणालात, "पेपरचंच बरोबर असेल. पण नोकरी गेली तर काय, ही भीती मला मूल झाल्यावरच कळली. म्हणून दोन्ही एकत्र झालं असेल."

त्यानंतर मी मुलांना इटलीतल्या तेर्नी गावाबद्दल सांगितलं. तिथे 1949 मध्ये लुईजी त्रास्तुली हा तरुण पोलाद कामगार पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेक कामगार तो मृत्यू 1953 च्या मोठ्या कामगार कपातीच्या वेळचा म्हणून सांगत होते. ती चूक पोर्तेलींनी खोडली नाही. लोकांना ती का करावीशी वाटली, याचा शोध घेतला. हे मी आधीही शिकवलं होतं, पण मुलं तेव्हा नुसती वही भरायची. या वेळी त्यांना तुमचा चेहरा आठवत होता.

तासाभराचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला मुलांना सहा-सात तास लागले. कात्रण वाचतानाची तुमची शांतता कशी लिहायची, यावर वर्गात वादही झाला. शेवटी कंसात 'आजी कात्रण वाचतात' असं लिहिलं.

धाकट्या भावाबद्दलचा भाग तुम्ही गाळायला सांगितला होतात. तो कागदावरून आणि मूळ ध्वनिमुद्रणातूनही काढला आहे. प्रत सोबत जोडली आहे. आणखी काही खोडायचं असेल तर बिनधास्त खोडा, मुलं पुन्हा लिहून काढतील.

आपली,
नववीच्या इतिहासाच्या बाई