छायाचित्राचा मोबदला नेमका कशाचा?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छंदालाच व्यवसाय करा, असा सल्ला करिअरविषयक लेखांतून वारंवार दिला जातो आणि त्यात छायाचित्रणाचे नाव हमखास असते. कॅमेरा कोणता घ्यावा, अभ्यासक्रम कुठला निवडावा, हे त्यात सविस्तर असते. पैसे कशाचे मिळतात आणि हातात कधी पडतात, याविषयी मात्र चकार शब्द नसतो. बरीच वर्षे याच व्यवसायावर घर चालवत असल्याने त्या बाजूबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले.

पगारी नोकरीच्या आशेने या क्षेत्रात येणाऱ्यांनी आधीच सावध झालेले बरे. वृत्तपत्रे, वृत्तसंस्था, मोठे स्टुडिओ आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांचे कॅटलॉग विभाग सोडले, तर नोकऱ्या फारशा नाहीतच, आणि ज्या आहेत त्यांचीही शाश्वती नाही. ‘शिकागो सन-टाइम्स’ या अमेरिकी दैनिकाने २०१३ मध्ये आपल्या सर्व पूर्णवेळ छायाचित्रकारांना एकाच दिवशी कामावरून कमी केले. ते २८ जण होते, त्यांत पत्रकारितेतील मानाच्या पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी जॉन व्हाइटही होते. आणि त्यानंतर बातमीदारांना आयफोनवर छायाचित्रे काढण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. बहुसंख्य छायाचित्रकार स्वतंत्रपणेच काम करतात. काम मिळवणे, कोटेशन देणे, ॲडव्हान्स मागणे आणि उरलेल्या रकमेसाठी महिनोन्‌महिने तगादा लावणे हे सारे त्यांचे त्यांनाच करावे लागते, आणि यातले काहीही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही.

‘दोन तासांचे एवढे पैसे?’ हा प्रश्न आम्हा प्रत्येकाने ऐकलेला असतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, कारण त्याला आम्ही तेवढेच दोन तास दिसतो. घरी गेल्यावर सगळी छायाचित्रे दोन निरनिराळ्या डिस्कवर उतरवायची, त्यांतून डोळे मिटलेली, हललेली आणि एकसारखी बाजूला काढायची, उरलेल्या रॉ फाइल्सचे (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्सचे) रंग एकेक करून जुळवायचे, यात चित्रणाच्या दुप्पट-तिप्पट वेळ सहज जातो. घसारा तर कोणी धरतच नाही. अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या शटरचे, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उघडझाप करणाऱ्या पडद्याचे, आयुष्य उत्पादक दीड-दोन लाख क्लिकचे सांगतात. एका मोठ्या लग्नसमारंभात तीन-चार हजार क्लिक होत असतील, तर पन्नासेक समारंभांत ते शटर निदान कागदोपत्री तरी संपते. ऐन वेळी कॅमेरा बंद पडला तर समारंभ थांबत नाही, म्हणून दुसरा कॅमेरा गळ्यात असावाच लागतो आणि त्याचाही खर्च त्याच बिलातून निघायचा असतो.

कौशल्याबद्दलही बराच गैरसमज आहे. आजचे कॅमेरे चेहरा ओळखून अचूक फोकस करतात, हे खरे; पण सभागृहात वरून पिवळे दिवे आणि बाजूच्या खिडकीतून निळसर उजेड असताना एकाच चेहऱ्याचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळा दिसतो, तो दोष कॅमेऱ्यातील आपोआप रंग जुळवणारी सोय पूर्णपणे घालवू शकत नाही. तिथे फ्लॅशवर रंगीत जिलेटीन लावायचे, माणसाला दोन पावले सरकवायचे की खिडकीचा पडदा ओढायचा, हे काही क्षणांत ठरवावे लागते, आणि तेही समोरच्याचे अवघडलेपण न वाढवता. (माझ्या मते दुसरा भाग अधिक कठीण आहे.)

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा व्यवसायच संपेल, असे मला वाटत नाही, पण त्याचा एक भाग निश्चितच आटेल. हसरे कर्मचारी, टेबलावरचा कॉफीचा कप, कोऱ्या पार्श्वभूमीवरची बाटली असली सर्वसाधारण चित्रे विकून मिळणारे उत्पन्न स्टॉक संकेतस्थळांच्या (तयार छायाचित्रे विकणाऱ्या संकेतस्थळांच्या) स्वस्ताईने आधीच घटले होते, त्याला आता आणखी ओहोटी लागेल. जिथे प्रत्यक्ष घडलेली गोष्ट नोंदवायची असते, म्हणजे बातमी, समारंभ, न्यायवैद्यक काम, तयार झालेली इमारत, तिथे माणसाला जावेच लागेल. नव्याने येणाऱ्यांनी अशा कामांकडे वळावे आणि सोबत व्हिडिओही शिकून घ्यावा, कारण अलीकडे बरेच ग्राहक दोन्ही एकाच माणसाकडून मागतात.

राहिला प्रश्न हक्कांचा, आणि खरे तर तो सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे नामवंत छायाचित्रकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची संस्था उभारली, तेव्हा छायाचित्राचा हक्क नियतकालिकाकडे न जाता छायाचित्रकाराकडेच राहावा, हा त्यांचा मुख्य आग्रह होता. आज मात्र ‘फोटोखाली तुमचे नाव देऊ’ एवढ्यावर बोळवण होते आणि अनेकदा ते नावही छापले जात नाही. छायाचित्र स्पर्धांच्या नियमांत तर आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे जातील, असे एक कलम बारीक अक्षरांत घातलेले आढळते. म्हणजे बक्षीस दोघा-तिघांना आणि शेकडो चित्रांचा फुकट साठा आयोजकांना. आपल्या दैनिकाने वाचकांची छायाचित्रे मागवताना असे कलम ठेवू नये, छापलेल्या प्रत्येक छायाचित्राखाली नाव द्यावे आणि तेच चित्र पुन्हा वापरल्यास वेगळे मानधन द्यावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक व्यावसायिक छायाचित्रकार