ते 'महास्फोटाचे छायाचित्र' नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत विश्वाच्या जन्मावर पानभर लेख दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यातल्या, विश्वातला सर्वांत जुना प्रकाश दाखवणाऱ्या संपूर्ण आकाशाच्या लाल-निळ्या लंबगोल नकाशाखाली 'महास्फोटाचे छायाचित्र' ही ओळ वाचली आणि राहवले नाही.

महास्फोटानंतर (बिग बँग) सुमारे 3 लाख 80 हजार वर्षे विश्व इतके तापलेले होते की, सुट्या इलेक्ट्रॉनांवर आदळून प्रकाश सारखा विखुरला जाई. तापमान 3000 केल्विनपर्यंत उतरले, इलेक्ट्रॉन अणूंत बांधले गेले, तेव्हा कुठे प्रकाशाला वाट मिळाली. विश्व तेव्हापासून 1100 पट प्रसरण पावले. त्यामुळे तोच प्रकाश आज 2.725 केल्विनच्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) होऊन पोहोचतो. नकाशा प्रकाशाला वाट मिळाली त्या क्षणाचा आहे. त्याआधीचा प्रकाश आपल्यापर्यंत येतच नाही.

शिवाय नकाशा तयार होतो तो वजाबाकीतून. हा प्रकाश मोजणाऱ्या युरोपच्या प्लँक उपग्रहाने 30 ते 857 गिगाहर्ट्झ अशा नऊ वारंवारता-पट्ट्यांत आकाश मोजले. सूर्यमाला सेकंदाला सुमारे 370 किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणून पुढच्या बाजूचे आकाश 3.36 मिलिकेल्विनने उष्ण आणि मागचे तेवढेच थंड भासते. हा फरक आधी काढतात. मग आपल्या आकाशगंगेचा नकाशात मधोमध आडवा पसरलेला झोत काढतात. कमी वारंवारतेला चुंबकीय क्षेत्रात गरगरणारे इलेक्ट्रॉन गोंधळ घालतात, जास्त वारंवारतेला धूळ. वारंवारतेनुसार दोन्हींची चढउतार वेगळी, म्हणूनच नऊ पट्टे लागतात. एवढे करून उरतो तो शंभरेक मायक्रोकेल्विनचा (केल्विनच्या दशलक्षांशांचा) फरक.

या वजाबाकीत ढिलाई झाली की काय होते, ते 2014 मध्ये दिसले. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 या दुर्बिणीच्या गटाने मुख्यतः 150 गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यातल्या मोजणीवरून आद्य गुरुत्वीय लहरींची (विश्वाच्या जन्मावेळी अवकाशात उठलेल्या तरंगांची) खूण सापडल्याचे जाहीर केले. एका पट्ट्यावरून धूळ कोणती आणि जुना प्रकाश कोणता, हे निवडता येत नाही. पुढच्या वर्षी प्लँकची 353 गिगाहर्ट्झची मोजणी शेजारी ठेवली, तर त्या खुणेतला बराचसा भाग धुळीचा निघाला आणि दावा टिकला नाही. तुमच्या लेखात तोच दावा 'सिद्ध झाला' म्हणून छापला आहे! दहा वर्षांहून जुनी दुरुस्ती लिहिणाऱ्याने किंवा तपासणाऱ्याने बघायला नको होती का?

आणि जे खरोखर हाती लागले, त्याला एक ओळही नाही. नकाशातले ठळक ठिपके साधारण 1 अंशाचे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद आहेत. त्या तप्त वायूत ध्वनिलहरी तोवर किती दूर पोहोचल्या होत्या, त्याचे हे माप. विश्वात नेहमीचे, म्हणजे अणूंचे बनलेले द्रव्य जेमतेम 5 टक्के आहे, हा आकडा मुख्यतः अशाच ठिपक्यांच्या मोजणीतून पक्का झाला.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर दोनदा '1380 कोटी प्रकाशवर्षांपूर्वी' आले आहे. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे, काळाचे नव्हे. आणि अंतरच सांगायचे असेल, तर ज्या वायूतून हा प्रकाश निघाला तो, मधल्या काळात विश्व पसरत गेल्यामुळे, आज 4500 कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे.

दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, नकाशासह छापावी आणि खालच्या ओळीत '3 लाख 80 हजार वर्षांनंतरचे तापमानातील फरक' एवढे तरी लिहावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक